गिअरबॉक्सचं तेल

दादाचा डावा पाय गुडघ्याखाली कापला, त्याला तीन वर्षं झाली. साखरेमुळं जखम भरेना. लातूरच्या डॉक्टरांनी दोनदा ऑपरेशन पुढं ढकलून पाहिलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं, आता थांबलो तर मांडीपर्यंत जावं लागेल. शुद्धीवर आल्यावर तो पायाबद्दल काही बोलला नाही. "क्लच कशानं दाबायचा आता?" एवढंच त्यानं विचारलं.

देवणीजवळच्या आमच्या गावातून तो वळू ने-आण करायचा. पिकअपला जोडायला त्यानं एक बुटकी ट्रॉली बनवून घेतली होती. तळाला रबर, दोन्ही बाजूंना जुन्या गाद्या शिवलेल्या. वळू प्रदर्शनाला न्यायचा असो की दुसऱ्या गावी गायीसाठी, लोक त्यालाच बोलवायचे. आपल्या हातानं वाढवलेलं जनावर त्याच्या ट्रॉलीत चढवून मालक बिनघोर मोटरसायकलवर मागून यायचा. त्याच्या गाडीत कुठलाच वळू कधी गुडघ्यावर आला नव्हता. ह्याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायचाही नाही.

पाय गेल्यावर जुनी पिकअप विकली. दादा सात महिने ओसरीवरच्या खुर्चीत बसून होता. मी नांदेडला विष्णुपुरीकडं एका कॉलेजात शिकवते. दर रविवारी फोन केला की वहिनी म्हणायच्या, "बसूनच हायेत. रस्त्यानं गाडी गेली की मान वळवतेत फक्त."

क्लच नसलेली, ऑटोमॅटिक गिअरची पिकअप मीच शोधली. हैदराबादला एका ओळखीच्या माणसामार्फत मिळाली. जुनी होती, पण बॉडी चांगली होती. दारात आली तेव्हा दादा कुबड्या टेकत तिच्याभोवती दोनदा फिरला. आत बसला, दांडा ओढला, उजव्या पायानं हळूच दाबलं. गाडी निघाली. "असं बी असतंय व्हय?" म्हणाला आणि लगेच तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला.

पावसाळा, हिवाळा बरा गेला. लोक परत बोलवायला लागले. उन्हाळा लागला आणि ट्रॉली ओढत चढ चढताना गिअरबॉक्सच्या तेलाचा दिवा पेटू लागला. जळकट वास यायचा. मग भर उन्हात गाडी थांबवायची, वळूवर गोणपाट ओलं करून टाकायचं, अर्धा तास वाट पाहायची. एका मालकानं तर वळू रस्त्यातच उतरवला आणि दुसरी गाडी बोलावली.

मेच्या सुट्टीत मी गेले. सोबत कॉलेजातून मागून आणलेला, गाडीला जोडला की तेलाचं तापमान दाखवणारा स्कॅनर होता. मोकळ्या ट्रॉलीसकट चढावर गेलो, तर तेल एकशे अठ्ठावीस अंशांवर. मला तेव्हा आनंद झाला, हे आज लिहिताना लाज वाटते. उष्णता कशातून किती बाहेर काढता येते, हाच तर माझा शिकवायचा विषय. आयुष्यात पहिल्यांदा घरच्या कामाला येणार होता. वहीच्या पानावर आकडेमोड करून मी दादाला दाखवलं. समोरच्या जाळीमागं वेगळा ऑइल कूलर बसवायचा, त्याला स्वतःचा पंखा, गिअरबॉक्सपासून तिथवर जाड पाइप. तेल शंभरच्या आत राहील.

"राहील नव्हं?" त्यानं विचारलं.

"राहील," मी म्हणाले.

उदगीरला एक म्हातारे मिस्त्री होते, दादा त्यांना चाचा म्हणायचा. त्याला दुकानात चहाला बसवून चाचांनी मला गाडीखाली वाकायला सांगितलं. बोटावर तेल घेतलं, हुंगलं, माझ्या नाकाशी धरलं. तेल लाल असायला हवं होतं. ते काळपट होतं आणि बोटांत बारीक कचकच लागत होती.

"बेटी, हे तेल कधीचंच जळून गेलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "चाकांना जोर पोचवणाऱ्या आतल्या प्लेटा झिजल्या. आता कूलर लावून तेल थंड राहील, प्लेटा थोड्याच परत येणार? ह्या गाडीला वजन लावू नका म्हणून सांग त्याला."

मी दुकानाकडं पाहिलं. दादा हात हलवून कुणाला तरी कूलरचं समजावून सांगत होता. माझ्या वहीतलं पान त्याच्या हातात होतं.

"चाचा, त्याला हे बोलू नका," मी म्हणाले. "नवं तेल घाला, कूलर लावा. चालेल ती."

"तुमची मर्जी," चाचा म्हणाले आणि त्यांनी हात पुसले.

दोन दिवस काम चाललं. चाचांनी काम मन लावून केलं. डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानाचा वेगळा काटा बसवला. परत त्याच चढावर गेलो. काटा चौऱ्याण्णववर जाऊन थांबला, पुढं सरकेना. दादानं स्टिअरिंगवर थाप मारली. "बाई, तुझं शिक्षण आज फिटलं बघ!" मीही हसले. चाचांचं म्हणणं चुकलंही असेल, असं मी तेव्हा मनाला समजावून घेतलं.

आठ दिवसांनी निलंग्याकडच्या एका प्रदर्शनासाठी वळू न्यायचा होता. मी अजून गावीच होते, दादाशेजारी बसले. वळूचा मालक मागून मोटरसायकलवर. चढाच्या मध्यावर इंजिनचा आवाज एकदम वाढला आणि गाडी मंदावली. दादानं आणखी दाबलं. इंजिन नुसतं ओरडत राहिलं, चाकांपर्यंत काही पोचेना. मग आम्ही मागं सरकायला लागलो. त्यानं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. ट्रॉली वाकडी होऊन कडेच्या दगडांना टेकली. मागून धप्प असा आवाज आला.

वळू पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर पडला होता. उठला, पण एका गुडघ्याची कातडी सोलून रक्त येत होतं. मालकानं त्याला खाली उतरवलं, स्वतःच्या उपरण्यानं गुडघा बांधला आणि कासरा धरून चालत परत निघाला. दादानं दोनदा हाक मारली. त्यानं मागं पाहिलं नाही.

दादा सीटवर बसून काट्याकडं बोट दाखवत म्हणाला, "नव्वदवर हाय की गं. मग काय झालं?"

तिथंच मी त्याला चाचांचं सगळं बोलणं सांगितलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"सांगितलं असतंस," तो म्हणाला, "तर मी त्येचा वळू ट्रॉलीत घेतला नसता. गाडी गेली तर गेली असती."

चाचांनी गिअरबॉक्स उघडला. प्लेटा कोळशासारख्या काळ्या पडल्या होत्या. दुसरा गिअरबॉक्स कुठंच मिळेना. हैदराबादला दोनदा चौकशी केली, मग तीही सोडली. गाडी शेडमध्ये उभी राहिली. ट्रॉलीला कुणी हात लावला नाही. वळूचा गुडघा भरला, पण डाग राहिला आणि त्या वर्षी तो प्रदर्शनाला गेला नाही, असं वहिनींकडून कळलं. दादाला पुन्हा कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी तो गेला नसता.

भाऊबीजेला मी गेले. ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली, माझ्या मुलांची चौकशी केली, तब्येत विचारली. दरवर्षी माझी बॅग तो आतल्या खोलीत ठेवायला लावायचा, दोन दिवस राहिल्याशिवाय सोडायचा नाही. ह्या वेळी बॅग दाराशीच होती.

"परत जायला किती वाजता गाडी आहे रे?" मी विचारून पाहिलं.

"चारची हाय एक," तो म्हणाला. "रिकामी असती. जागा मिळंल तुला."