काकूंनी चादरीवर लिहिलेला शब्द

मेश्राम काकू आज सकाळी गेल्या. आणि मला आधी कबूल करायचंय की तीन वर्षं मी त्यांच्याशी भांडले आणि तिन्ही वर्षं मी चुकीची होते.

रडून झालंय. आता सांगायचंय.
कारण ही गोष्ट मी ज्याला सांगितली त्याच्या अंगावर काटा आलाय, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती माहीतच नाही!

काकू म्हणजे इथे अमेरिकेत, शुगर लँडमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या संदीपदादाची आई. नागपूरला छत्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं, रिटायर झाल्या आणि मुलाकडे आल्या.

महिन्याभरात त्यांनी आसपासची मराठी मुलं दर शनिवारी आपल्या डायनिंग टेबलाशी बसवली. गाणी नाहीत, गोष्टी नाहीत. फक्त अक्षर गिरवायचं.

“आधी गोलाई, मग काना, डोक्यावरची रेघ शेवटी.”
क्रम चुकला की पान पुन्हा.

माझी इरा तेव्हा आठ वर्षांची. आणि माझी नोकरी काय, तर बोललेलं टाइप करून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करायचं. त्यामुळे मला राहवायचं नाही.

“काकू, अहो आता हाताने कोण लिहितं? फोनला सांगितलं की झालं.”
“काहून, तुझी बोटं दुखतात का?”
“तसं नाही हो. पण क्रम उलटा झाला तर काय बिघडतं? अक्षर बरोबर दिसतंय ना?”
“दिसतंय गं. पण तिच्या हाताला कळलं नाही ना अजून.”

एकदा मात्र खरंच चिडल्या.
“माझी आई अंगठा लावायची. मी शाळेतून यायची आणि तिचा हात धरून तिचं नाव गिरवून घ्यायची. दोन महिने लागले. मग रेशनच्या दुकानात त्यानं शाईचा डबा पुढे केला, तर म्हणाली, पेन दे. आणि तू मला विचारते, कोण लिहितं?”

मला तरीही पटलं नव्हतं.

गेल्या वर्षी काकूंच्या पोटाचं तातडीचं ऑपरेशन झालं. संदीपदादा कामासाठी कॅनडात, फ्लाइट मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडणार. म्हणून मी हॉस्पिटलमध्ये गेले. इराला ठेवायला कोणी नव्हतं, तिलाही नेलं.

काकू जाग्या होत्या, पण घशात श्वासाची नळी. बोलता येईना. नळी ओढू नये म्हणून दोन्ही मनगटं पट्टीने कॉटला बांधलेली.
आणि डोळे नुसते भिरभिरत होते. काहीतरी सांगायचं होतं त्यांना.

“दुखतंय का?” मान हो.
छातीत? नाही. पोटात? नाही. घशात? नाही.

मी मोठ्या ऐटीत टॅब काढला, मराठी कीबोर्ड लावला, पुढे धरला. हात उचलताच येईना त्यांना.

नर्स भली बाई होती. म्हणाली, नळीमुळे अस्वस्थ वाटतंय त्यांना, डॉक्टरांना विचारून झोपेचं औषध थोडं वाढवू या.
मी हो म्हणणार होते. खरंच सांगते, हो म्हणणार होते.

तेवढ्यात इरा ओरडली.
“मॉम! शी इज रायटिंग!”

काकूंचं उजव्या हाताचं एक बोट चादरीवर हलत होतं. मला वाटलं, थरथरतंय. ना पेन, ना कागद, दिसायला काहीच नाही. मला काही म्हणजे काही कळेना.

इराने आपला तळवा त्या बोटाखाली सरकवला.
“आजी, अगेन. पुन्हा लिहा.”

बोट हललं. इराने डोळे मिटले.
“गोलाई... मग उभी रेघ. प! परत रेघ, काना. पा. नो, वेट, वर मात्रा पण दिली. पो!”
मी वाकून बघू लागले. नर्ससुद्धा जवळ आली.
“ट... र... नो, री. दीर्घ री. पोटरी! मॉम, व्हॉट्स पोटरी?”

यार, त्या पोरीला शब्दच माहीत नव्हता! तिने तो फक्त तळव्यावर उमटणाऱ्या रेघांच्या क्रमावरून, तेही न बघता वाचला होता!

मी किंचाळलेच. “काकू, पोटरी दुखतेय?”
काकूंनी इतक्या जोरात मान हलवली की मशीन वाजायला लागलं.

नर्सने पांघरूण बाजूला केलं. डावी पोटरी सुजून लाल झाली होती. सोनोग्राफी झाली. रक्ताची गाठ होती. लगेच औषध सुरू झालं. डॉक्टर मला म्हणाले, ही गाठ फुप्फुसात गेली असती तर अवघड होतं. मग इराकडे वळून त्यांनी विचारलं, “हू टॉट यू दॅट?”
इराने काकूंकडे बोट दाखवलं.

दोन दिवसांनी नळी निघाली. घोगऱ्या आवाजात काकू पहिलं वाक्य इराशी बोलल्या,
“री ओळखायला एवढा वेळ?”

त्यानंतर सव्वा वर्ष काकू आमच्यात होत्या. शनिवारी टेबलाशी अकरा मुलं आणि एक मी. माझा ‘भ’ त्यांनी किती वेळा काढून घेतला ते विचारू नका.

मी अजून तीच नोकरी करते. दिवसभर टाइपच करते, आणि सॉफ्टवेअर झकास आहे आमचं. पण आता कोणी हाताने लिहून काय उपयोग म्हणालं, की मी त्याला आधी खाली बसवते आणि ही गोष्ट सांगते.

आज इराला शाळेतून आणताना गाडीत सांगितलं. 
“डिड इट हर्ट?”
“नाही गं. चहा घेतला, संदीपदादाशी बोलल्या, आणि बसल्या जागी गेल्या.”
“ओके,” ती म्हणाली. आणि मग रडली.

काकू, तुमच्या अकरा विद्यार्थ्यांकडून आणि माझ्यासारख्या उशिरा शहाण्या झालेल्या एकीकडून, मनापासून जय भीम.