बाईंची कुजबुजती शाळा

अन्वी, ईशान, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, बाईंचा वर्ग अजून भरतो का?" ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या; मी बाईंना सांगणार नाही.

शिस्तीत जपान्यांना मागे टाकणारी एकच व्यक्ती मी पाहिली, ती म्हणजे टोकियोत, हिगाशी-कसाईतल्या आपल्या बिल्डिंगमधल्या मराठीच्या बाई. साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त होऊन त्या मुलाकडे आल्या आणि सामान पुरतं लावायच्या आत त्यांनी पुढच्या खोलीत रविवारची शाळा काढली. कुणाला उशीर झाला तर मुलाला काही बोलत नसत, सोडायला आलेल्या बापाला दाराबाहेर उभं करत. ऑफिसात ज्यांच्या नावापुढे आदराचं 'सान' लावून लोक वाकतात, असे इंजिनियर भिंतीकडे तोंड करून मुकाट उभे! तुमचे बाबासुद्धा.

पाढे खड्या आवाजातच म्हणायचे, हा त्यांचा धर्म. पण खालच्या जपानी आजी एकदा वर आल्या आणि आवाजाचा त्रास होतो हे सांगताना स्वतःच पुन्हा पुन्हा माफी मागू लागल्या. दुसऱ्या कुणी पाढे सोडून दिले असते. बाईंनी मुलांना ते कुजबुजत म्हणायला शिकवले. शेजारी कुणी आजारी असावं तसं 'बे एके बे' चालायचं, आणि बाई कुजबुजतच ओरडायच्या, "हळू म्हणा, पण ठणठणीत म्हणा!"

मग एकेकाचं कंत्राट संपलं. कुणी पुण्याला परतलं, तुम्ही कॅनडाला गेलात, मी इथे तुमच्या काकाकडे राहिले. राहिलेल्यांना परीक्षांचे क्लास लागले. बाईंनी मराठीत विचारावं आणि मुलांनी जपानीत उत्तर द्यावं, असं होऊ लागलं. मी चिडले की बाईच मला समजावत. "वहिनी, मुलं हुशार आहेत हो. जिथे उपयोग तिथेच जाणार."

शेवटी एकटी मीरा उरली. गेल्या महिन्यात तिची आई चपला न काढता दारातूनच म्हणाली, "बाई, आता रविवारी हिचा फुटबॉल असतो..."

"असू दे गं. तिथे तरी वेळेवर पोचव."

दार लागलं. मी त्यांच्याच स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले, तर बाई फळा पुसत होत्या. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

वर्ग आता भरत नाही. मुलं लिफ्टमध्ये भेटतात, आपसात जपानीच बोलतात. पण बाईंना पाहून कुणी जपानीत 'सेन्सेई', म्हणजे शिक्षिका, म्हणत नाही. 'बाई' म्हणतात. तेवढं उरलं आहे.