टेग्विनच्या झग्याची कॉलर

टेग्विनच्या झग्याची कॉलर मुद्दाम बोचरी ठेवलेली होती. हे हेस्गिनच्या खोऱ्यात दोघांनाच ठाऊक होतं: मॉर्विद प्यूला आणि टेग्विनच्या मानेला.

खोऱ्यातल्या ड्रुइडांचे, म्हणजे कवींच्या मंडळातल्या मानकऱ्यांचे, साठ झगे चॅपेलमागच्या खोलीत लटकत. हिरवे, निळे, आणि ज्यांनी कवितेच्या स्पर्धेत बक्षिसाची खुर्ची जिंकून घरी नेली त्यांचे पांढरे. इस्पितळाच्या धुलाईघरात उभी हयात घालवलेल्या मॉर्विदकडे या झग्यांची किल्ली एकतीस वर्षं होती. प्रत्येक कॉलरीला आतून तिनं मऊ सुती फीत लावली होती. टेग्विनची तेवढी सोडून. त्यानं कुरकुर केली की म्हणायची, "फीत आटते रे धुण्यात. काय करू?"

या बोचण्याचं मूळ पस्तीस वर्षं मागं होतं. खुर्चीसाठी कविता टोपणनावानं येतात, खरं नाव बंद पाकिटात असतं. मंडपात मुख्य ड्रुइड टोपणनाव पुकारतो, तुतारी वाजते, आणि गर्दीतून कवी उभा राहतो. त्या वर्षी 'पाकोळी' पुकारलं गेलं आणि दुधाचा टँकर चालवणारा टेग्विन उभा राहिला. मग कविता वाचली गेली. त्यात एक आई ओलं बोट तापल्या इस्त्रीला टेकवते आणि म्हणते, 'आज इस्त्री बोलतेय.'

मॉर्विद मंडपातच बसली होती. ते वाक्य तिच्या आईचं होतं. त्यांच्याच स्वयंपाकघरातलं. आणि आईला पुरून पुरते तीन आठवडे झाले नव्हते.

शेजारी तिचा भाऊ गेथिन बसला होता. टेग्विनबरोबर त्याच टँकरवर जायचा तो. बुटांकडे बघत होता.

"तुझं आहे ना रे ते?"

"चल घरी. चहा पिऊ."

त्यानंतर गेथिननं एक ओळ लिहिली नाही. तीन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा त्याच्या पत्र्याच्या डब्यात तीच कविता सापडली. काही ओळी शिसपेन्सिलीतल्या, काही निळ्या पेन्सिलीतल्या. ती घडी तेव्हापासून मॉर्विदच्या पर्समध्ये होती. पुरावा म्हणून.

आणि आता टेग्विनच मुख्य ड्रुइड होणार होता.

"बिनविरोध निवड," इडवल खाटीक हातमोजे घालून बघत म्हणाला. समारंभात तलवार धरायचा मान त्याचा. "सगळे खूश आहेत, मावशी."

"सगळे खूश असले की समजावं, पाणी कुठंतरी मुरतंय."

"झालं. आता काय केलं त्यानं?"

"तू तलवार अर्धी उपसतोस. मुख्य ड्रुइड तीनदा विचारतो, 'शांती आहे का?' लोक 'शांती' म्हणतात, मग तू ती म्यान करतोस. बरोबर?"

"जन्मभर तेच बघत आलोय."

"कुणी कधी नाही म्हटलंय?"

इडवलनं मोजा काढला. "नाही कोण कशाला म्हणेल?"

"म्हणायची सोय आहे म्हणून तर विचारतात."

"मावशी, माझा खांदा दुखतो. डोक्यात काही असेल तर आत्ताच सांग. तलवार हवेत धरून मला ताटकळत ठेवू नकोस."

तिनं बोट ओलं केलं. इस्त्रीवर बोट टेकवलं. इस्त्री बोलली.

गुरुवारी टेग्विन माप द्यायला आला. पांढऱ्यावर सोनेरी काठ, मुख्य ड्रुइडाचा झगा. मॉर्विद तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती फिरत होती. एरवी चहा विचारला असता. आज विचारला नाही.

"हात वर कर. पोट सुटलंय तुझं."

"वय झालं, मॉर्विद."

"वय सगळ्यांचं होतं. काहींचं व्हायच्या आतच संपतं. माझ्या आईची इस्त्री बोलते, हे तुला कुणी सांगितलं?"

टेग्विनचा हात वरच राहिला. "पस्तीस वर्षं लागली तुला विचारायला?"

"टाचणी लागेल. हलू नकोस. सांग."

"गेथिननं. टँकरमध्ये. पहाटे चारला निघायचो, करमायचं नाही. तो एक ओळ टाकायचा, मी तिला जुळेल अशी दुसरी बांधायची. ती कविता आम्ही दोघांनी मिळून केली."

"आणि उभा राहिलास एकटा."

"खुर्ची एकाचीच असते. पाकिटात एकच नाव चालतं. त्यानं माझं घातलं. म्हणाला, आई जाऊन महिना नाही, मी मंडपात मिरवलो तर मॉर्विद मला घरात घेणार नाही."

मॉर्विदनं तोंडातल्या टाचण्या काढून एकेक करून मनगटावरच्या छोट्या गादीत खोचल्या. "मेलेला माणूस साक्षीला बरा असतो, टेग्विन. त्याची उलटतपासणी घेता येत नाही."

"नसेल पटत तर नको पटू देऊस."

"मग लोकांना का नाही सांगितलंस? पस्तीस वर्षांत एकदा तरी?"

यावर मात्र त्यानं हात खाली घेतला. झगा उतरवला, झग्यांच्या वहीत सही केली आणि गेला. फार सहज गेला, असं तिला वाटलं. खोटं पचलं की माणूस असाच जातो.

पण मनात पाल चुकचुकत राहिली. कारण तसं काहीसं ती खरंच बोलली होती. आई गेली त्याच आठवड्यात, नाश्त्याला, गेथिनच्या ताटात अंडं वाढताना: 'इतक्यात कुठं पुढं पुढं करू नकोस. लोक नावं ठेवतील.' ते टेग्विनला कसं कळलं?

नंतर तिचं लक्ष वहीकडे गेलं. झगा अंगावर चढवणाऱ्यानं सही करायची, हा नियम तिचाच. टेग्विनच्या एकतीस वर्षांच्या सह्या तिच्याच कपाटात होत्या. तिनं पर्समधली घडी उलगडून शेजारी ठेवली, चष्मा पुसला. टेग्विन डावखुरा. त्याच्या अक्षरांच्या शेपट्या उजवीकडे वळायच्या. निळ्या पेन्सिलीतल्याही उजवीकडेच वळत होत्या. कवितेची सुरुवात निळी. शेवट निळा. इस्त्री मात्र शिसपेन्सिलीत होती, गेथिनच्या हातची. निळ्या पेन्सिलीत भावाचं अक्षर बिघडतं, असं तिनं तीन वर्षं धरून ठेवलं होतं. ताडून बघायला चार पावलांवरचं कपाट उघडलं नव्हतं.

तरी खुर्ची टेग्विनच्याच घरात होती. ते कुठं बदललं?

शनिवारी दुपारी माळावरच्या दगडांच्या रिंगणात लोक जमले. रात्रीच्या पावसानं गवत ओलं होतं, झग्यांच्या कडा हिरव्या होत होत्या आणि मॉर्विदला त्या धुवाव्या लागणार होत्या. जुन्या मुख्य ड्रुइडानं टेग्विनच्या डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट ठेवला. मॉर्विदनं मागून झगा चढवला. कॉलर नीट करताना त्याच्या कानाशी म्हणाली, "निळी पेन्सिल तुझी आहे. बघितली मी."

त्यानं मान वळवली नाही.

मग तो मधल्या दगडावर चढला. इडवलनं तलवार अर्धी उपसली.

"शांती आहे का?"

"शांती," माळ म्हणाला. मॉर्विदचे ओठ मिटलेले होते.

"शांती आहे का?"

"शांती." इडवलनं तिच्याकडे तिरकं बघितलं. त्याचा खांदा थरथरायला लागला होता.

"शांती आहे का?"

लोकांचा आवाज विरला आणि त्यामागून, दगडापासून दोन हातांवर, मॉर्विदचा आला. मोठा नव्हता. पण पुढच्या तीन रांगांना कळला.

"अर्धी."

इडवल तसाच थांबला. उत्तर पुरं झाल्याशिवाय तलवार म्यान करायची नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या रांगा कुजबुजल्या, मागच्यांनी काय झालं विचारलं. जुना मुख्य ड्रुइड खाकरला.

"टेग्विन," इडवल दात आवळून म्हणाला, "काय ते लवकर कर बाबा."

टेग्विन गवताकडे बघत होता. पस्तीस वर्षांपूर्वी गेथिन बुटांकडे बघत होता, अगदी तसा. मग त्यानं मुकुट काढून हातात घेतला.

"पाकोळी एकटी नव्हती," तो म्हणाला. "दोन होत्या. दुसरी गेथिन प्यू. इस्त्रीची ओळ त्याची, आणि कवितेत लोकांना आठवते ती तेवढीच. त्यानं मला गप्प राहायला सांगितलं होतं. तो गेल्यावर मी गप्प राहिलो ते माझ्या सोयीनं." मुकुट तसाच हातात धरून त्यानं चौथ्यांदा विचारलं, "मॉर्विद, शांती आहे का?"

चौथ्यांदा विचारायची रीत नव्हती. तिनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. डागासाठी कापड उजेडात धरून बघावं तसं.

"शांती," ती म्हणाली. तलवार खटकन आत गेली आणि इडवलनं खांदा चोळला.

संध्याकाळी झगे परत आले. टेग्विननं त्याचा काळजीपूर्वक घडी करून टेबलावर ठेवला, वहीत सही केली, आणि त्याखाली आणखी एक नाव लिहिलं: गेथिन प्यू. मॉर्विदनं शेपट्या बघून घेतल्या. उजवीकडेच होत्या.

"एक विचारू?" तो मान चोळत म्हणाला. "डाव्या बाजूला फीत लावलीस. उजवी बाजू अजून बोचते."

"दोन्ही बाजूंना पुरेल एवढी फीत होती माझ्याकडे."

"मग?"

मॉर्विदनं झगा हँगरवर चढवला. "पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली. "चहा घेतोस?"