गोधडीसाठी जुनं कापड

मला रंगांतलं कळतं, असा माझा एक गैरसमज आहे. माझ्या नवऱ्यानं तो कधी दूर केला नाही, कारण त्याला घरात शांतता लागते. त्यामुळे आम्ही इथे आखातात, अबू हलीफात राहणाऱ्या काही मराठी बायकांनी मिळून गोधडी शिवायचं ठरवलं, तेव्हा कापड निवडायचं काम मला कुणी दिलं नाही, मीच ते घेतलं. "रंगसंगतीचं माझ्यावर सोडा गं," म्हणाले आणि कुणी नको म्हणायच्या आत फोनवर चित्रं दाखवायला लागले.

गोधडी हवी होती आमच्याच इमारतीतल्या एका मुलीच्या बाळासाठी. मुलगी म्हणजे तशी तिशीची बाई, इथल्या एका इस्पितळात नर्स, मूळची परभणीकडची. पण ती मला काकू म्हणते, म्हणून मीही तिला मुलगी म्हणते. बाळंतपणाला तिची आई येणार होती. तिकीट काढलं होतं, व्हिसाचं चाललं होतं, आणि तिकडे तिचे बाबा बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आता त्यांना कुशीवर वळवायलाही आईच लागते. आईचं येणं रद्द झालं. पोरीनं हे आम्हाला सांगितलं तेही वॉर्डातल्या पेशंटबद्दल सांगावं तसं, अगदी कोरड्या आवाजात. "काही हरकत नाही," म्हणाली. "आम्ही दोघं बघू."

फक्त एकदा, भिशीच्या दिवशी, चहाचे कप विसळता विसळता ती म्हणाली, "आई येऊन गोधडी शिवणार होती. आमच्याकडं लेकराच्या अंगाला पहिल्यांदा नवं कापड लावत नाहीत. घरातल्या मोठ्या बायकांच्या जुन्या कापडाची गोधडी लागते." आणि नळ जोरात सोडला. मला पाठमोऱ्या माणसाचं रडणंसुद्धा ओळखू येतं, तेवढी हुशार मी आहे. "मग आम्ही काय मेलोय का?" मी ओरडले. अशी वाक्यं माझ्या तोंडून फार पटकन जातात आणि मग ती निस्तरत बसावं लागतं.

पहिली बैठक माझ्याकडे झाली. प्रत्येकीनं आपापलं जुनं, मऊ सुती कापड आणायचं होतं. मी तोवर ठरवून टाकलं होतं की गोधडी फिकट रंगांत करायची: पिस्ता, मोतिया आणि अगदी हलका अबोली. समोरच्या फ्लॅटमधली कोल्हापूरची आहे, तिच्याशी माझं आठवड्यातून एकदा तरी वाजतंच. ती म्हणाली, "आमच्याकडं ह्याला वाकळ म्हणतात आणि वाकळंला जे मिळंल ते लावतात. मोतिया काय मोतिया?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मग आम्ही पिशव्या उघडल्या.

एकीनं शिफॉन आणलं होतं. दुसरीनं खड्यांची जॉर्जेट. आमच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आणलेल्या साडीवर अजून दुकानाची चिठ्ठी होती. कोल्हापूरकरणीनं आणलेली साडी मला ओळखीची वाटली. नीट बघितलं तर मीच तिला दिवाळीला दिलेली, आणि मला ती आणखी कुणी तरी दिलेली. सगळं चकचकीत, सगळं सिंथेटिक आणि सगळं जवळजवळ कोरं.

जुनं सुती कापड कुणाकडेच नव्हतं. असणार कुठून? दर सुट्टीला भारतात जाताना बॅगेत आधी काय भरतो आपण? जुने कपडे. चांगल्यातले जुने कामवाल्या मावशींना, फाटके आईकडे पुसायला. परत येताना त्याच जागेत भाजणी, मेतकूट आणि कोकम येतं. चांगल्या सुती साड्या पुण्याच्या कपाटात डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेल्या, कारण "इथे कोण नेसतंय?" आणि शिवाय आपण इथे काय, आज आहोत, उद्या नाही, असं म्हणत म्हणत माझे केस इथेच पांढरे झालेत. अख्ख्या इमारतीत एक चिंधी नाही. मला फार लाज वाटली, आणि लाज वाटली की मी बाजारात जाते.

शुक्रवारी संध्याकाळी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि आम्ही मुबारकियाला गेलो. कापडवाला चांगला होता बिचारा. त्यानं ठाणावर ठाण उलगडलं. "सिस्टर, प्युअर कॉटन है." आता सुती की मिश्र हे ओळखायला दोरा जाळून बघतात, ही माहिती मला होती. राख झाली तर सुती, गोळा झाला तर नाही. मी दोरा ओढला आणि त्याच्याकडे लायटर मागितला. कापडांनी गच्च भरलेल्या दुकानात! त्या माणसानं मला लायटर दिला नाही, हे त्याच्या शहाणपणाचं लक्षण. नवरा बाहेर जाऊन खजुराच्या दुकानापाशी उभा राहिला, जणू आमची ओळखच नाही. शेवटी मी पिस्ता, मोतिया, अबोली असं हवं ते सगळं घेतलं, वर काठासाठी एक सुरेख डाळिंबी तुकडाही घेतला आणि विजयी मुद्रेनं घरी आले.

"अगं पण हे नवं आहे," कोल्हापूरकरीण म्हणाली.

"जुनं करायचं," मी म्हणाले.

माझी योजना अशी: कापडाचे तुकडे सगळ्यांना वाटायचे, प्रत्येकीनं आपल्या रोजच्या धुण्यात ते टाकायचे, पुन्हा पुन्हा धुवायचे, वाळवायचे, धुवायचे. इथल्या उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं, आठवडाभरात कापड मऊ लोण्यासारखं व्हायला हवं. मी हे इतक्या ठामपणे सांगितलं की डॉक्टरीणबाईंनीसुद्धा मान डोलावली. एवढी शिकलेली बाई! आम्ही सगळ्या मिळून पाणी, साबण आणि वीज जाळून नव्या कापडाला म्हातारं करायला बसलो. मुलीनंही आपल्या वाट्याचा तुकडा नेला. तिला बोलवायलाच नको होतं खरं तर, पण ती म्हणाली, "मला काम द्या काकू, नुसतं बसून डोकं फिरतंय."

त्या डाळिंबी तुकड्याबद्दल मी फार बोलणार नाही. तो कोल्हापूरकरणीच्या मशीनमध्ये तिच्या नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टांबरोबर गेला. तिचा नवरा पुढे बरेच दिवस गुलाबी शर्टांत कामावर जात होता आणि लिफ्टमध्ये भेटला की माझ्याकडे न बघता मजल्याचे आकडे बघायचा. माझं मोतिया, माझं पिस्ता, घरोघरच्या धुण्यातले रंग लागून सगळ्याचं एकच काहीतरी झालं, त्या रंगाला नाव नाही. आणि इतकं करून कापड मऊ झालं म्हणाल तर नाव नको. चुरगळलं फक्त.

पुढच्या शुक्रवारी सकाळी बेल वाजली. नवरा बेकरीतून खुबूस, म्हणजे इथली रोटी, आणायला गेला होता, तोच असेल म्हणून मी तशीच उठले आणि दार उघडलं.

तशीच म्हणजे गाऊनमध्ये. इथे थोडं थांबून सांगायला हवं. आम्हा बायकांचा घरातला गाऊन बाहेरच्या कुणी बघायचा नसतो. बेल वाजली की वर ओढणी येते आणि दार अर्धंच उघडतं. माझा हा गाऊन मी तुळशीबागेतून घेतला तेव्हा निळा होता, म्हणजे फोटोत तसं दिसतं. आता तो कुठलाच रंग नव्हता. खिसा लोंबत होता, काखेत उसवला होता, पोटावर हळदीचा डाग होता, आणि मी तेव्हा कांदा परतत होते. तीन-चारदा तरी टाकायला काढला असेल मी तो, पण रात्री अंगाला दुसरं काही सोसवत नाही म्हणून पुन्हा चढवला.

दारात ती मुलगी. नाइट ड्यूटी करून तशीच आलेली, पोट पुढे, हातात माझा तो चुरगळलेला तुकडा. "काकू, किती वेळा धुतलं. अजून टोचतंय हो," म्हणाली, आणि तिथेच उंबऱ्यात तिचा चेहरा पडला. मी तिला आत आणून सोफ्यावर बसवलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मी ताठ बसले होते. दया कमी होती म्हणून नाही, त्या उसवलेल्या काखेमुळे. हात वर करून तिला थोपटायचं तर सगळंच उघडं पडणार. एवढ्या वेळीसुद्धा माझं लक्ष कुठे होतं बघा.

थोड्या वेळानं तिचं रडणं थांबलं आणि माझ्या लक्षात आलं की ती माझ्या गाऊनची बाही दोन बोटांत धरून चोळतेय.

"हे कुठलं कापड आहे?"

"गाऊन गं. जुना झालाय. तू त्याच्याकडे बघू नकोस."

"माझ्या आईचा असाच आहे," ती म्हणाली. "मला हे पाहिजे. गोधडीला."

"अगं शी! कपाटात दुसरा बरा आहे, तो देते."

"हाच पाहिजे."

मी इतके दिवस जुन्या सुती कापडासाठी जग पालथं घालत होते आणि ते अंगावर घालून हिंडत होते! कांदा जळाला. मी तो जळू दिला.

मग ग्रुपवर मेसेज टाकायची वेळ आली. बायकांकडे त्यांचे गाऊन मागायचे म्हणजे काय चेष्टा आहे? मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी सरळ टाकलं: "गोधडीसाठी आपापला सगळ्यात जुना गाऊन हवा आहे. मी माझा देतेय. हसू नका." उत्तर येईपर्यंत मी मनातल्या मनात सगळ्यांशी भांडून घेतलं. मग कोल्हापूरकरणीचं आलं, "अंगावर हाय. धुऊन देते."

त्यानंतर बांध फुटला. पण काय सांगू, शिफॉन देताना ज्यांना काही वाटलं नव्हतं त्या गाऊन देताना रडकुंडीला आल्या. एकीनं तर आणला आणि परत नेला आणि पुन्हा आणला. रोज कडक इस्त्रीच्या कुर्त्यात इस्पितळात जाणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा गाऊन सगळ्यांत भयंकर निघाला, पाठीला तळहाताएवढं भोक. "तुम्ही हा घालता?" मी विचारलं. "तुम्ही कोण विचारणाऱ्या?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं.

आम्ही माझ्या हॉलमध्ये सोफे भिंतीला लावून खाली चादर पसरली आणि बसलो. रंगसंगतीचा आता प्रश्नच नव्हता. फुलंफुलं, ठिपके, चौकडी, विटकं, अजून विटकं. तरी मी दोनदा म्हणून पाहिलं की हा तुकडा तिकडे शोभेल, तेव्हा कोल्हापूरकरणीनं माझ्या हातात सुई दिली आणि "गप शीव" म्हणाली. मी मन लावून धावदोरा घातला, एकसारखा, सरळ. आणि उचलायला गेले तर गोधडीबरोबर खालची चादर वर आली. सगळ्या लोळून लोळून हसल्या. मुलगी पोट धरून हसत होती, आणि मला वाटलं, चला, जमलं. आईची उणीव आपण भरून काढली. मनात मी स्वतःची पाठही थोपटून घेतली.

काठ घालायचा तेवढा राहिला तेव्हा तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सगळ्या मागे गर्दी करून बसलो. मी केस सारखे केले, कारण आता कौतुक होणार आणि रंग कुणी निवडले असा विषय निघणार. पडद्यावर आईचं नुसतं कपाळ आणि कुंकू दिसत होतं, माऊली फोनच्या इतकी जवळ आली होती. मागे कॉटवर बाबांचे पाय दिसत होते.

मुलीनं गोधडी उलगडून दाखवली. आईनं रंगांचं काही विचारलं नाही. टाक्यांचंही नाही.

"गालाला लाव," म्हणाली.

मुलीनं गोधडी गालाला लावली.

"मऊ आहे का गं?"

"हो."

"लेकराला टोचायचं नाही ना कुठं?"

"नाही, आई."

"किती बायकांचं अंग लागलंय त्याला," आई म्हणाली. तिनं फोन जरा लांब धरला, पदरानं नाक पुसलं आणि हसली. "झालं मग. आता मी नाही आले तरी चालतंय."

आम्ही सगळ्या खूश होऊन एकमेकींकडे बघायला लागलो. मी तर तोंडही उघडलं होतं, काहीतरी मोठ्या मनाचं बोलायला. इतके दिवस ही पोरगी सगळ्यांना काही हरकत नाही, काही हरकत नाही म्हणत आली होती. तिनं गालावरची गोधडी काढली नाही.

"नाही चालत, आई," ती म्हणाली. "मला तूच पाहिजेस."

आईनं फोन बाजूला ठेवला असावा, कारण पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं. आम्ही खाली बघितलं, आणि काठ अजून राहिला होता म्हणून, ज्या टोकाला जी बसली होती तिथून टाके घालायला लागलो.