धोंडूबाईची हरकत नाही

धोंडूबाई रागावली की ओरडत नाही, उलट आवाज खाली आणते. आणि खालच्या आळीत तिच्या त्या खालच्या आवाजाला भलेभले टरकतात. वय अडुसष्ट, अंगावर मांस म्हणून नाही, लुगडं अजून गुडघ्यापर्यंत कासोटा घालून नेसते. भिवंडीबाहेर वडप्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की तिचं गाव लागतं. पंचवीस वर्षांपूर्वी इथं भात पिकायचं, आता गोडाऊन पिकतात. तिच्या नवऱ्यानंही शेत दिलं, दुमजली बंगला बांधला, आणि बंगल्याला रंग लागायच्या आत बिचारा छातीत कळ येऊन गेला. मागं राहिली धोंडूबाई, उरणला दिलेली लेक मनाली, आणि मोरू.

मोरू तिचा थोरला. वय बेचाळीस, समज सहा-सात वर्षांच्या पोराची. जन्मताना रडायला उशीर झाला, एवढंच काय ते निमित्त. पाणी काढून दिलं की आंघोळ करतो, ताट वाढलं की जेवतो. पण त्याला बिनकामाचा म्हणणाऱ्यानं एकदा सकाळी आळीत येऊन बघावंच. आळी अरुंद, टेम्पो आत आणायचा तर उलटाच आणावा लागतो, आणि तो आणायला मोरू लागतो. नाक्यावर उभा राहून दोन्ही हात हलवत तो हुकूम सोडतो, "आने दो, आने दो, बाएं काट, बस्स!" उत्तरेकडचे डायव्हर त्याला मोरूसेठ म्हणतात आणि त्यानं सांगितल्याशिवाय गिअर टाकत नाहीत. वीस वर्षांत आळीतल्या एका भिंतीला ओरखडा नाही. हे काम त्याला कुणी दिलेलं नाही, त्यानंच घेतलंय.

आता या पोराचं आपल्यामागं काय, हा एकच घोर धोंडूबाईला होता. सहा वर्षांपूर्वी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मनालीनं चांगली चौकशी करून मोरूला लांबच्या एका आश्रमात ठेवलं होतं. माणसं वाईट नव्हती हो तिथली. पण तिथं त्याला हाक मारणारं कुणी नव्हतं. तेरा दिवस तो फाटक धरून उभा राहिला. चौदाव्या दिवशी धोंडूबाई ओल्या टाक्यांनिशी रिक्षात बसली आणि त्याला घेऊन आली. मनाली म्हणाली, "आई, पुढं मी नेईन ना त्याला उरणला."

"तुजी सासू आज हो बोलल, उद्या तोंड वाकडं करल," धोंडूबाई म्हणाली. "आनि माजा पोऱ्या उरनात कोनला ओलखतो?"

भिवंडीत हेमाली नावाची एक बाई अशा मोठ्या झालेल्या गतिमंद मुलांचा दिवसाचा वर्ग चालवते. मोरू आठवड्यातून दोनदा जायचा. तिथं सोडायला येणारे आईबाप सगळे पिकलेले, आणि प्रत्येकाला तोच घोर. एक दिवस धोंडूबाई हेमालीसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "बाय, माजा खालचा मजला घे. मोरू धरून सहा जना राहतील. दोन मानसं ठेव रांधायला, बघायला. मी वरती हायच, हाय तवर. पन जागा हीच, मोरूची आली हीच."

हेमालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण बाई व्यवहाराची, डोळे पुसून म्हणाली, "मावशी, परवानगी लागेल. निवासी जागेत अशी सोय करायची तर अर्ज, जाहीर नोटीस, लोकांच्या हरकती, सुनावणी, सगळं."

"माज्याच घरात मानसं ठेवायला?"

"हो."

"आनि गोडाऊन बांधायला?"

हेमाली हसली आणि अर्ज लिहायला घेतला.

अर्ज गेला. बंगल्याच्या फाटकावर नोटीस लागली: ज्यांची हरकत असेल त्यांनी तीस दिवसांत कळवावं. आणि अहो, काय सांगावं! ज्या आळीत रसायनांची पिंपं उतरली तेव्हा कुणी खोकललं नाही, त्या आळीतून एकतीस हरकती गेल्या. सहा माणसं राहायला येणार म्हणून एकतीस! सगळ्यांत पुढं होता सुभाष, धोंडूबाईचा चुलत पुतण्या, दोन घरं पलीकडचा. लहानपणी आई आजारी असताना वर्षभर धोंडूबाईच्या चुलीवर जेवलेला. तो घरी आला तो उभ्या उभ्याच बोलला.

"काकी, मोरूचं ठीक हाय, मोरू आपला हाय. पन बाहेरचे पाच वेडे? आलीत पोरीबाली हायत. उद्या आमच्याकडं सोयरीक कोन आनल?"

धोंडूबाईनं आवाज खाली आणला. "मोरू जन्मला तवा तुजा बाप पन हेच बोल्लेला. वेडा पोर, सोयरीक कोन आनल. तुजं लगीन झालं ना?"

सुभाष चडफडत निघून गेला. आणि मग त्यानं ती चूक केली, जी फक्त आमच्याकडचा माणूसच करू जाणे. वकिलानं त्याला सांगितलं की आळी शंभर टक्के निवासी आहे असं दाखवा, म्हणजे या सोयीला जागाच उरणार नाही. झालं! सुभाषनं अख्ख्या आळीचा नकाशा काढून घेतला. घरामागून घर, प्रत्येकावर पिवळा रंग, प्रत्येकावर 'निवासी', आणि खाली प्रत्येक घरमालकाची सही: आमच्या जागेत राहण्याखेरीज दुसरा कोणताही वापर नाही. लोकांनी भराभर सह्या ठोकल्या. एकालाही आपलं मागचं अंगण आठवलं नाही. इतकी वर्षं पत्र्याखाली माल ठेवून ठेवून त्यांना ते घरच वाटायला लागलं होतं.

नकाशा मिळाला तसे परवानगी देणारे तालुक्याचे साहेब पाहणीला आले. नवीन माणूस, विदर्भाकडचा, हातात नकाशा आणि सोबत टेप धरायला शिपाई. धोंडूबाईच्या घरी अर्धा तासही लागला नाही. खोल्या, संडास, मागचा दरवाजा बघितला, चहा घेतला. मग साहेब म्हणाले, "आळी निवासी आहे असं म्हणणं आहे ना, मग तीही पाहून घेऊ." आणि चालायला लागले.

पहिल्याच पिवळ्या घरामागं कापड विणणारे आठ लूम खडखडत होते. साहेबांनी नकाशा बघितला, लूम बघितले, परत नकाशा बघितला. दुसऱ्या घरामागं पुठ्ठ्याच्या खोक्यांची छपरापर्यंत थप्पी. तिसरं घर सुभाषचं. तिथं तर अंगणच नव्हतं. घराच्या पाठीला चिकटून एवढी मोठी पत्र्याची शेड, आत मिक्सरचे बॉक्स आणि तेवढ्यात नेमका माल घेऊन आलेला टेम्पो. नाक्यावर मोरू खणखणीत आवाजात ओरडत होता, "आने दो, आने दो!"

"ही तुमचीच सही ना?" साहेबांनी विचारलं.

सुभाषच्या तोंडचं पाणी पळालं. आळीत एकेक दार हळूच लागायला लागलं. लूम बंद पडले, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा भरदुपारी आळीत कावळ्याचा आवाज ऐकू आला. धोंडूबाईला हसू आवरेना. पदर तोंडात धरून ती घरात गेली आणि मनसोक्त हसून आली. का हसू नये? एकतीस लोकांनी तिच्या पोराला वेडा म्हणून लिहून दिलं होतं.

सुनावणी पुढच्या सोमवारी तालुक्याला होती. आदल्या दिवशी सुभाष आला. या खेपेला खाली बसला. "काकी, तू जर तक्रार केलीस तर..." एवढंच बोलला. धोंडूबाईनं त्याच्यापुढं तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण ठेवलं. तो बिचारा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठला.

सुनावणीच्या खोलीत आळी भिंतीला टेकून उभी होती. साहेबांनी कागद चाळले आणि धोंडूबाईकडं बघितलं. "आजी, या शेडा, हे लूम, यांचा तुमच्या घरातल्या लोकांना त्रास होणार असेल तर तसं आत्ताच लिहून द्या. तुम्ही शेजारी, तुमच्या तक्रारीला वजन आहे. मी लगेच कारवाईला घेतो."

हेमालीनं तिचा हात दाबला. "मावशी, द्या," ती कानात म्हणाली. "आता नाही तर कधी?" सुभाष जमिनीकडं बघत होता.

धोंडूबाई उठली. आवाज इतका खाली की साहेबांना पुढं वाकावं लागलं.

"सायब, माजी काय तक्रार न्हाय. त्यांनी माज्या पोऱ्याला वेडा लिवला, त्याचा राग हाय मना, मरंपरेंत ऱ्हाईल. पन मोरूला सगली आलीच ओलखते. त्या लूमवरचा कारागीर त्याला चाय पाजतो, यो सुभाष त्याला केस कापायला नेतो. मी मेल्यावर त्याला माजं घर न्हाय सांबालनार, ही मानसं सांबालतील. तीच इथून उठली तर घर राखून मी काय करू? तुमचा कायदा तुमी बघा. माजी हरकत न्हाय. त्यांची काय हाय, ती त्यांना परत एकदा इचारा."

साहेबांनी खरंच परत विचारलं, एकेकाचं नाव घेऊन. भिंतीला टेकलेल्यांतले चोवीस जण टेबलापाशी आले आणि हरकत मागं घेतल्याची सही करून गेले. सात जण नाही आले. ते आजही धोंडूबाईशी बोलत नाहीत, आणि तिचंही त्यावाचून काही अडत नाही. सुभाष शेवटी आला. सही करताना ढसाढसा वगैरे रडला नाही, माणूस तसा नाहीच. फक्त पेन चालेना म्हणून दोनदा झटकलं. शेडांचं पुढं कायद्यानं जे व्हायचं ते चालूच आहे, दोघांना नोटिसाही आल्यात. पण घराबद्दल साहेबांनी लिहिलं ते असं: इथं माणसं राहणार, जेवणार, झोपणार, याहून निवासी वापर तो कोणता? अटी घातल्या: मागं दुसरा जिना, पुढं चाकाच्या खुर्चीसाठी उतरता रस्ता, चोवीस तास एक माणूस. उतरत्या रस्त्याची रेती सुभाषनं टाकली. टेम्पो मात्र अजून तो फाटकापुढंच लावतो, मेला.

गेल्या माघात घर सुरू झालं. मोरू खाली राहायला गेला, सोबत पाच जण, आणि बघायला तुळजा, जवळच्याच शेलार गावची, कडक पण मायेची बाई. महिनाभर धोंडूबाई दिवसातून वीसदा जिना उतरायची. शेवटी तुळजाच म्हणाली, "आजी, तुम्ही अशा येत राहिलात तर मला कधी कळायचं, याचं तुमच्यावाचून चालतं की नाही?"

बोलणं लागलं, पण पटलं. धोंडूबाईनं पिशवी भरली. "मी आठ दिवस उरनला चालले," ती म्हणाली. "फोन करायचा न्हाय. मी मेले असं समजून चालवा."

उरणला तिला घास गेला नाही. डोळे मिटले की फाटक धरून उभा राहिलेला मोरू दिसायचा. मनाली म्हणाली, एक फोन कर ना. हिनं केला नाही. असलं काळीज कुठून आणतात ही माणसं, देव जाणे.

नवव्या दिवशी भरदुपारी ती आळीत शिरली. फाटकाशी कुणी नव्हतं. पडवीत मोरू आणि त्या पाचांतली कमळ सूप मध्ये घेऊन सुकट निवडत बसले होते, आणि मोरू तिला रागं भरत होता की डोकी वेगळी टाक. त्यानं मान वर केली.

"आये, आलीस? जेवलीस का?"

आणि उत्तराची वाट न बघता परत सुपात डोकं घातलं.

बेचाळीस वर्षांत त्यानं आईला हे कधी विचारलं नव्हतं. धोंडूबाईला आधी वाईटच वाटलं, खोटं कशाला सांगायचं. तेरा दिवस फाटक धरणाऱ्या पोराला आता तिच्यावाचून चालत होतं. मग ती पायरीवर टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि मनालीला फोन लावला.

"मनाली," ती म्हणाली, आणि या वेळी आवाज खाली न आणता, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा, "मी गेल्यावर पन जेवल गो तुजा भाऊस!"