कोरा रोल आणि नवरदेवाचा मोजा

एब्बे स्कोगोर यांच्या कपाटात एकतीस वर्षांच्या निगेटिव्ह तारीखवार लावलेल्या आहेत. आपला एकही रोल कोरा गेला नाही, असे ते सांगतात. त्यांच्याच वहीत मात्र तीन रोलांपुढे ‘कोरा’ अशी नोंद आहे. तिसरी नोंद जूनमधल्या एका शनिवारची, आस्ताच्या लग्नाची.

आस्ताची अट एकच होती. “बाकी सगळं डिजिटलवर काढा, एब्बेकाका. आजोबा आणि मी मात्र फिल्मवर. आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोशेजारी लावायचाय, तसाच दिसला पाहिजे.”

सकाळी कोपनहेगनच्या नगरभवनात दहा मिनिटांत लग्न लागले आणि वऱ्हाड सायकलींवरून शहरातल्याच नोरेब्रो भागात, तिच्या इमारतीमागच्या अंगणात आले. हेरिंग मासे, राय धान्याचा पाव, थंड बिअर. आजोबा नव्वदीचे, पेशाने शिंपी. साडेपाचला वृद्धाश्रमाची गाडी त्यांना न्यायला येणार, म्हणून एरवी रात्री होणारा नवरानवरीचा वॉल्ट्झ नाच पाचलाच ठरला होता.

पाचाला पाच कमी असताना एब्बेंची नजर फिल्म कॅमेऱ्याच्या आकड्यावर गेली: एक्केचाळीस. छत्तीस चित्रांच्या रोलवर आकडा एक्केचाळीस, याचा अर्थ फिल्मचे टोक खाचेत अडकलेच नव्हते आणि फिल्म जागची हललीच नव्हती. नगरभवनाच्या पायऱ्यांवर कोणीतरी बिअर पुढे केली होती, आणि त्यांनी रोल एका हाताने भरला होता.

लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. “आस्ता, फिल्मवर काहीच आलेलं नाही. आजोबासुद्धा नाहीत.”

“अहो, सकाळपासून हसून हसून गाल दुखले आमचे!”

आजोबा खुर्चीतून म्हणाले, “दोरा न ओवता शिवायला बसलास होय रे? आता तरी नीट भर. माझी गाडी येईल.”

एब्बे नवा रोल भरत असतानाच व्हायोलिन सुरू झाले. रिवाजाप्रमाणे पाहुणे टाळ्या वाजवत पावलापावलाने आत सरकू लागले, आणि एब्बे थेट नवरानवरीच्या मध्येच सापडले.

“काका, सरका ना!” नवरदेव आक्सेल ओरडला.

“कुठं सरकू? तुझ्या खिशात?”

इतक्या जवळून लेन्सला काहीच स्पष्ट दिसेना. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटे. तेवढ्यात मित्रांनी आक्सेलला आडवा उचलला, बूट काढला आणि पुढच्या रिवाजाप्रमाणे नवरदेवाच्या मोज्याचे टोक कापायला कात्री आजोबांच्या हाती दिली. घोळका आपोआप मागे हटला. आस्ताने खुर्चीशेजारी गुडघे टेकून नवऱ्याचा पाय घट्ट धरला.

आजोबांनी मोजा चिमटीत धरून तपासला. “वीण चांगली आहे. जिवावर येतंय.”

“आजोबा, अंगठा सांभाळा!” आक्सेल कळवळला.

“हलू नकोस, मग राहील.”

एब्बेंनी सहा चित्रे घेतली. वॉल्ट्झ अर्धाच राहिला. गाडीचा हॉर्न वाजला होता.

फिल्म धुतल्यावर चारांत आजोबांचे डोळे मिटलेले निघाले, एक हललेले. उरलेल्या एकात आजोबांचे सारे लक्ष कात्रीकडे आहे आणि आस्ता त्यांच्याकडे बघत तोंड उघडून हसते आहे. तिने तेच भिंतीवर लावले आणि एक प्रत वृद्धाश्रमात पाठवली.

आजोबांचा फोन एब्बेंना आला. “फोटो मिळाला. सरळ कापलाय मी, नाही का?”