मालकिणीला कोणी विचारलं?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. मुलांनो, तेव्हा मी जर्मनीत बाड हॉम्बुर्गला तुमच्याच घरी राहायला आले होते.

खबर फोनवर आली. माझा भाचा लुडविग्सहाफेनला इंजिनिअर आहे. त्याची बायको रडत होती. "मावशी, पोलिसांचं पत्र आलंय. ह्यांनी चोरून शिकार केली म्हणतात. परवाना तर जाईलच, नोकरीचं काय होईल?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिथे पोहोचले आणि भाच्याला स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलं. समोरच्याला आधी पुरतं बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, हा माझा ठाण्यातला शिरस्ता.

तो तावातावाने बोलला. परीक्षा देऊन शिकारीचा परवाना काढला होता. डोंगरात घोड्यांचं एक मोठं फार्म आहे, त्याला लागून फार्मचंच जंगल. तिथे त्याने हरिण मारलं. "परवानगी लेखी आहे, मावशी. गेनाऊ, अगदी लागते तशी." कागद पुढे सरकवला.

"सही कोणाची?"

"मालकाची."

"मालक कशावरून?"

"अगं, ट्रॅक्टर तोच चालवत होता. गड्यांना हुकूम तोच सोडत होता."

"आणखी कोण होतं?"

"एक आजी. त्यांनी कॉफी दिली."

"त्यांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं?"

धागा हाती आला. दुपारी त्याला घेऊन फार्मवर गेले. ट्रॅक्टरवाला पुढे आला. मी त्याला इंग्रजीत विचारलं, "जमीन कोणाच्या नावावर?"

तो हसला. "सासूबाईंच्या. पण बघतो सगळं मीच."

सासूबाई तबेल्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांना फक्त जर्मन येत होतं. त्यामुळे त्यांचा एकेक शब्द भाच्यालाच मराठीत सांगावा लागला.

"त्या म्हणतात, या कुरणाजवळ गोळी झाडायला त्यांनी आजवर कोणालाही परवानगी दिलेली नाही. बंदुकीच्या बाराने गाभण घोडी बिथरली, कुंपणात अडकली. शिंगरू गेलं."

"पुढचं सांग."

"म्हणतात, तू माझ्या हातची कॉफी प्यायलास. मी तिथेच उभी होते."

परतताना तो म्हणाला, "मावशी, मिटवता येईल का गं?" संतापाने माझा हात उठायचाच बाकी होता. घरी येऊन त्याच्याच हाताने जबाब लिहून घेतला. पहिलं वाक्य: मी मालकिणीला विचारलं नाही. नोकरी राहिली, परवाना गेला. त्याची बायको अजून माझ्याशी धड बोलत नाही.

ठाण्यात लोक माझ्याच खुर्चीसमोर उभे राहून विचारायचे, "साहेब कुठे आहेत?" दर वेळी माझी तळपायाची आग मस्तकात जायची. आणि त्या दुपारी, बाई दारात दिसत असताना, मी पहिला प्रश्न ट्रॅक्टरवाल्याला विचारला. बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. ती नजर मी ओळखली. नोकरीभर मीही तशीच पाहत आले होते.

भाच्याच्या जबाबात माझी चूक आलेली नाही. म्हणून ती इथे लिहून ठेवते.